दिगूभाऊ बीडीवाले

धाडच्या आठवडी बाजारात एक शेतकरी पैसे हातात धरून फवारणीचा पंप मागतो आहे, आणि पंप बनवणाऱ्या कंपनीचा माणूस तोच पंप छातीशी धरून "नाही" म्हणतो आहे, असं दृश्य तुम्ही पाहिलं नसेल. मी पाहिलं आहे. तो माणूस माझ्याच कंपनीचा होता आणि त्याचा हुद्दा माझ्या बरोबरीचा होता, म्हणून जास्तच बारकाईने पाहिलं.

"अहो भाऊ, पंप तं तुमच्या हातातच आहे," शेतकरी म्हणत होता.

"हा नमुना आहे."

"मंग नमुनाच द्या. मले चालते."

"बापा, तुमाले समजून नाही राह्यलं. इकणं माह्या खात्यात येत नाही. ते सेल्सवाले करतात. मी बीडीत आहो."

शेतकऱ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग खिशातून काडेपेटी काढून नम्रपणे पुढे केली.

हे आमचे दिगंबर खर्चे ऊर्फ दिगूभाऊ. वय चोपन्न. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि खिशात न मावणारं व्हिजिटिंग कार्ड. हे कार्ड त्यांनी मुद्दाम मोठं छापून घेतलं होतं. कारण बीडी म्हणजे 'बिझनेस डेव्हलपमेंट', आणि 'बिझनेस डेव्हलपमेंट मॅनेजर' हे शब्द नेहमीच्या कार्डावर दोन ओळींत जायचे, आणि दिगूभाऊंच्या मते हुद्दा मोडून लिहिला की माणूस मोडका दिसतो. ज्यांना ते कार्ड देत, ते लोक त्याची घडी घालून खिशात ठेवत. हुद्दा शेवटी मोडायचाच.

आमची कंपनी नांदुऱ्याची. बॅटरीवर चालणारे फवारणीचे पंप बनवते. मोठे शेठ कारभार पाहत होते तोवर कंपनीत दोनच प्रकारची माणसं होती, पंप बनवणारी आणि पंप विकणारी. दिगूभाऊ आणि मी दोघंही विकणारे. मग धाकटे शेठ पुण्याहून शिकून आले. पहिल्याच बैठकीत त्यांनी भिंतीवर प्रकाश पाडून चौकोन आणि बाण दाखवले आणि म्हणाले, "आपल्याकडे रोल क्लॅरिटी नाही." त्या दुपारी विकणाऱ्यांचे दोन तुकडे झाले. एका तुकड्यावर मी, सेल्स मॅनेजर, हाताखाली चार विक्रेते. दुसऱ्या तुकड्यावर दिगूभाऊ. त्यांच्या हाताखाली त्यांचीच बॅग.

फरक काय, तो धाकट्या शेठनी तासभर सांगितला. मी चार ओळींत सांगतो. जे दुकानदार आपला माल आधीपासून ठेवतात, त्यांच्याकडून महिन्याच्या महिन्याला माल उचलवून घ्यायचा, विक्रेत्यांना पळवायचं, टार्गेट गाठायचं, ते माझं काम. जिथे आपलं नावही कुणी ऐकलेलं नाही तिथे जायचं, ओळख काढायची, विश्वास बसवायचा, नवं गाव उघडायचं, ते दिगूभाऊंचं. आणि नियम असा, की नव्या दुकानदाराने एजन्सी घेतली की तो त्या दिवसापासून सेल्सचा. बीडीने तिथून उठायचं आणि पुढच्या गावाला जायचं. दोघं एकाच दारात दिसता कामा नयेत, कस्टमर कन्फ्यूज होतो.

माझ्या कामाचं फार कौतुक करून घ्यावं असं नाही. सेल्स मॅनेजर म्हणजे चार माणसांना रोज सकाळी "आज काय?" आणि रोज संध्याकाळी "काऊन नाही?" विचारणारा पाचवा माणूस. पण निदान माझा महिना संपायचा. दिगूभाऊंचा महिना कधी संपतच नसे.

"सेल्स म्हणजे दूध काढणं," ते मला समजावत. "बाल्टी घेतली, बसला, काढलं, उठला. बीडी म्हणजे खुंट्यावर म्हैस आणणं."

"पण भाऊ, तुमची म्हैस तीन वर्षांपासून बाजारातच हाये."

"म्हैस पाहून घ्या लागते बे. दात पाहा लागते, चाल पाहा लागते. तुह्यासारखं नाही, दिसलं थान की धरलं."

त्यांची कामाची पद्धत ठरलेली होती. नव्या गावात गेलं की दुकानात पाय ठेवायचा नाही, घरी जायचं. पहिल्या तीन भेटींत पंपाचं नाव काढायचं नाही. "पहिल्या भेटीत धंद्याचं बोलणारा माणूस म्हणजे पोरगी पाह्यले जाऊन पोह्याची प्लेट आधी संपवणारा," असं त्यांचं मत. चौथ्या भेटीत पंपाचा विषय निघालाच तर तो समोरच्याने काढायचा, आणि यांनी तो टाळायचा. पाचव्या भेटीत काय करायचं ते मला कधी कळलं नाही, कारण दर वेळी विचारलं की त्यांची चौथीच भेट चालू असे.

दर महिन्याच्या बैठकीत मी आकडे वाचायचो. माझ्यानंतर दिगूभाऊ उभे राहायचे. त्यांच्याकडे आकडा नसे. त्यांच्याकडे एक क्रियापद होतं.

"चिखली?" धाकटे शेठ विचारत.

"पेरली."

"मेहकर तालुका?"

"पेरून आलो."

"मग उगवलं काय काका?"

दिगूभाऊ डोळे मिटून म्हणत, "ओल आहे."

धाकट्या शेठना वाटलं, हा या धंद्यातला काही जुना, मुरलेला शब्द असावा. पुढच्या महिन्यात त्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये तालुकावार 'ओल' असा एक रकाना आला. आमच्या विभागाला मात्र 'ओल' लागू नव्हती. आम्हाला टार्गेट होतं.

'पाइपलाइन' हा दुसरा शब्द त्यांनी धाकट्या शेठकडून उचलला होता. "माह्या पाइपलाइनमध्ये बारा गावं हायेत," असं ते एकदा मोताळ्याकडच्या जीपमध्ये मोठ्याने बोलले. ते ऐकून शेजारी बसलेले एक सरपंच त्यांना थेट ग्रामपंचायतीत घेऊन गेले. नारळ फुटला, शाल घातली, पाण्याच्या टाकीची जागा दाखवली. दिगूभाऊंनी टाकीची जागा मन लावून पाहिली, दोन सूचनाही केल्या. शाल त्यांनी परत केली नाही. "माणसं जोडल्या गेली ना," म्हणाले.

मी हसायचो, पण आतून जळायचोही. मला दिवसातून चार वेळा विचारणा, आणि हे गृहस्थ गावोगाव चहा पीत ओल मोजत फिरणार. तीन वर्षांत त्यांनी एकही नवा दुकानदार आणला नव्हता. एकही नाही. तीन वर्षांत एखादा तर चुकूनही येतो.

शेवटी धाकट्या शेठचाही धीर सुटला. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, "तुम्ही दोन दिवस काकांसोबत फिरा. नुसते चहा पीत असतील तर तसं स्पष्ट लिहून द्या. बीडी बंद करू. या वयात त्यांना सेल्समध्ये घेण्यात अर्थ नाही."

म्हणजे काय, ते मला समजलं. तरी मी आनंदाने गेलो. हे लपवण्यात काही अर्थ नाही. रिपोर्टचं पहिलं वाक्य तर मी मोटारसायकलवरच तयार केलं होतं.

पहिला मुक्काम धाड. काडेपेटीचा प्रसंग त्याच सकाळचा, म्हणून मी फारच खुशीत होतो. बाजारातून आम्ही अन्वरभाईंकडे गेलो. त्यांचं पंप, मोटार, पंखा, मिक्सर, जे बिघडेल ते दुरुस्त करायचं दुकान आहे, मागे घर. दिगूभाऊ दुकान ओलांडून सरळ घरात गेले. दोन तास बसलो. अन्वरभाईंच्या मुलीची नर्सिंगची परीक्षा, त्यांच्या आईचा गुडघा, विहिरीतला गाळ, सगळं झालं. पंपाचं नाव नाही. मी मनातल्या मनात रिपोर्टचा दुसरा परिच्छेद लिहीत होतो.

निघताना दिगूभाऊ म्हातारीच्या पाया पडायला आत गेले, तेव्हा अन्वरभाईंनी मला बाजूला घेतलं.

"साहेब, एक बात पूछू क्या? आपकी कंपनी एजन्सी देती नहीं क्या?"

"देते की. काऊन?"

"मैं दो साल से मांग रहा. ये दिगूभाऊ बोलते, अभी थोडा रुको. मैं बोलता, किस बात का रुकना? मेरे पास गिऱ्हाईक खडा है."

मला वाटलं, यांचा काहीतरी गैरसमज झाला असेल. पण चिखलीच्या वाटेवर आणखी तीन गावांत तेच. त्यातल्या एका दुकानदाराने तर रस्त्याकडची भिंत पंपाच्या जाहिरातीसाठी पांढरी करून ठेवली होती आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाला काही लिहू देत नव्हता. मी दिगूभाऊंकडे पाहिलं. ते भिंतीचा चुना कसा धरला आहे ते पाहत होते.

दुसऱ्या दिवशी जानेफळ. तिथे रामराव आणि सुमनकाकू या नवराबायकोचं कृषी केंद्र आहे. खतं, बियाणं, औषधं. दोघंही साठी ओलांडलेले, मुलगा पुण्याला. आम्ही पोचलो तेव्हा काकू ओट्यावर उभ्याच होत्या.

"अकरा सांगतले होते भाऊ, बारा वाजले!"

"हा संगं होता ना. ह्याले गाडी हळू चालवा लागते," दिगूभाऊंनी माझ्यावर ढकललं.

घरात शिरल्यावर मी एक वेगळाच माणूस पाहिला. दिगूभाऊंनी चपला बरोबर ठरलेल्या कोपऱ्यात काढल्या. स्वतःच माठाकडे जाऊन पाणी घेतलं, मलाही दिलं, पेले कुठे असतात ते त्यांना ठाऊक होतं. रामरावांना एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याने कमी दिसतं. दिगूभाऊंनी खिडकीतला पेपर उचलला, रामरावांजवळ बसले आणि कापसाच्या भावापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. रामराव मधेच म्हणत, "थांब, हे खोटं हाये." मग दोघं त्यावर वाद घालत. आतून काकूंचा आवाज आला, "दिगूभाऊचं वांगं बिनतिखटाचं वेगळं ठेवलं हाय, साहेबाले देऊ नका!"

जेवण झालं आणि रामरावांनी गादीखालून एक कागद काढून माझ्या हातात दिला. आमच्याच कंपनीचा एजन्सीचा अर्ज. पूर्ण भरलेला, सही, शिक्का, फोटो चिकटवलेला. घड्या पडून पडून मधून फाटायला आलेला.

"मांगच्या दिवाळीपासून भरून ठेवला," रामराव म्हणाले. "याले देतो तं हा म्हणते, राहू द्या, पुढच्या चकरेले नेतो. तुम्ही तं मोठे साहेब. तुम्हीच न्या."

मी अर्ज घेतला. दिगूभाऊ उठून हात धुवायला गेले. हात त्यांनी आधीच धुतले होते.

बाहेर येऊन मी गाडी सुरू केली नाही. रस्त्यापलीकडे लिंबाचं झाड होतं, त्याखाली त्यांना नेलं. मी खरंच संतापलो होतो. चार माणसांना ऊर फुटेस्तोवर पळवून मी दहा पंपांसाठी भांडतो, आणि इथे तयार दुकानदार अर्ज भरून बसलेत आणि हा माणूस तो गादीखाली ठेवायला लावतो!

"भाऊ, हे काय हाये? दोन दिवसांत पाच गावं पाह्यली. पाचही तयार. तुमची म्हैस बाजारात नाही, खुंट्याले बांधलेली हाये, अन् तुम्ही म्हणता ओल हाये! मी हे लिहू का? कंपनीचं नुकसान केलं म्हणून लिहू?"

"लिही," ते म्हणाले. "खरंच हाये ते."

"पण काऊन?"

एक जीप माणसं भरून गेली. मग ते म्हणाले, "अर्ज दिला की इथं तू येशील."

"हाव. मंग?"

"मंग मी नाही येणार."

मला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा मी हातातल्या अर्जाच्या घड्या सरळ करू लागलो.

"मले कोणाले फसवायचं नव्हतं बे," ते म्हणाले. "दर चकरेले वाटे, ही शेवटची. पुढच्या वेळेस अर्ज नेतो. मंग काकू म्हणत, पुढच्या बुधवारी पुरणाचं करतो, या. आता पुरणाच्या दिवशी कोणी अर्ज मांगते का?" ते थोडं हसले. "शालिनी गेली त्याले चार वर्षं झाली. पोरगी बंगलोरले. घरी टीव्ही हाये. पण तो नुसता बोलते, माह्यं ऐकत नाही. नांदुऱ्यात मले सगळे ओळखतात, पण अकराचे बारा काऊन झाले, हे कोणी इचारत नाही."

इतकी वर्षं मी या माणसाच्या शेजारच्या टेबलावर बसत होतो. वहिनी गेल्या तेव्हा मी मोक्षधामापर्यंत गेलो होतो, आणि तेराव्या दिवसानंतर पुन्हा टार्गेटबद्दल बोलायला लागलो होतो. मी अर्ज खिशात ठेवला, गाडी सुरू केली आणि आम्ही नांदुऱ्याला परतलो.

रिपोर्ट मी लिहिला. मोटारसायकलवर तयार केलेलं पहिलं वाक्य वापरलं नाही. पाच गावं तयार आहेत, पाचही दुकानदारांचा कंपनीवर पक्का विश्वास आहे, हे दिगूभाऊंच्या तीन वर्षांच्या कामामुळे झालं आहे, एवढंच लिहिलं. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. उशीर का झाला ते लिहिलं नाही.

धाकटे शेठ आनंदाने उभेच राहिले. पुढच्या बैठकीत त्यांनी दिगूभाऊंना पुष्पगुच्छ दिला, धीर धरणं ही कशी एक स्ट्रॅटेजी आहे यावर अर्धा तास बोलले, आणि जाहीर केलं की काकांची आता बढती, पुढचा जिल्हा ते उघडतील. पाचही गावं शनिवारी सेल्सकडे हँडओव्हर.

बैठक संपल्यावर मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "शेठ, अधूनमधून काकांना त्या गावांत जाऊ द्यावं. लोकांना त्यांची सवय आहे."

"नाही नाही," ते मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले. "सेंटिमेंट वेगळं, सिस्टिम वेगळी. तुम्ही काकांचे कॉन्टॅक्ट नीट उतरवून घ्या, म्हणजे काका लागणारच नाहीत."

शनिवारी दुपारी दिगूभाऊ माझ्या टेबलासमोर बसले. हँडओव्हरचा छापील तक्ता होता. दुकानाचं नाव, पत्ता, गोदाम किती, महिन्याला माल किती उचलेल. मी पेन उघडलं.

"जानेफळ," मी म्हटलं.

"लिही. रामरावशी बोलतानी त्यायच्या उजव्या बाजूनं बसजो. डाव्या डोयानं दिसत नाही, पण ते सांगत नाहीत. पेपर वाचशील तं हेडिंग नुसतं वाचू नको, पूर्ण वाच. काकूच्या पोराचा फोन आला का, असं इचारू नको. आला असला तं त्या सोताच सांगतात. नाही सांगतलं तं समजून घे अन् दुसरं काही बोल. वांगी चांगली झाली म्हण."

तक्त्यात यासाठी रकाना नव्हता. मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहू लागलो.

"धाडले अन्वरभाईची आई. तिले ऐकू कमी येते. पण ओरडून बोललं की तिले वाटते भांडून राह्यले. जवळ जाऊन हळू बोल. पोरीची परीक्षा पुढच्या महिन्यात हाये, निकाल लागला की मले... नाही, तूच जा. पेढे घेऊन जा."

असं पाच गावांचं झालं. कागद भरला, दुसरा घेतला. पंपाचा उल्लेख कुठेच आला नाही आणि मीही विचारला नाही. सांगून संपलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, रिकामे.

"झालं," म्हणाले. मग दाराकडे पाहत, अगदी सहज विचारावं तसं, "तू जानेफळले कधी जाशील?"

"उद्या."

"उद्या तं रविवार हाये बे. कंपनी बंद."

"म्हणूनच," मी म्हटलं. "सात वाजता येतो तुमच्या घरी. तयार राहा."

त्यांनी खिशातला फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे बारीक करून नंबर शोधला.

"काकूले सांगून ठेवतो," ते मला म्हणाले. "नाहीतं ऐनवेळी धावपळ होते त्यायची."

पलीकडून काहीतरी मोठ्याने विचारलं गेलं. दिगूभाऊ खुर्चीत वळून बसले, माझ्याकडे पाठ करून.

"हाव, दोघं येऊन राह्यलो," ते फोनमध्ये म्हणाले. "नाही नाही काकू, कामाचं काहीच नाही."